आधी तीन खुणा, मग मोटारीचं नाव

मूर्तिजापूर सुटलं आणि मामींचा फोन आला. मी अमरावतीहून अकोल्याला निघाले होते, देवमामांकडेच. पिशवीत नव्या पत्रकाची एक प्रत होती. त्यांना दाखवायची, त्यांनी हो म्हटलं की वस्तीत वाटायची. मामी एवढंच म्हणाल्या, "पोरी, तुहे मामा गेले वं... सकाळी चहाचा कप हातात होता." मी बसमध्ये बसून राहिले. दुसरं करणार काय? गाडी अकोल्याकडेच चालली होती आणि मलाही तिकडेच जायचं होतं. फक्त ज्यांना भेटायला निघाले होते, ते आता भेटणार नव्हते.

देविदास तायडे, माझ्या आईचे मावसभाऊ. धंदा डेंटिंगचा. अपघातात चेपलेला मोटारीचा पत्रा ठोकून पुन्हा होता तसा करायचा, चाळीसेक वर्षं हेच काम. स्वतःची मोटार त्यांनी कधी घेतली नाही, मागितलीही नाही. सायकलवर फिरायचे. पण मोटारीच्या अंगावरून हात फिरवून ते डोळे मिटून सांगायचे की हा पत्रा कंपनीचा आहे आणि हा मागाहून बसवलेला. या माणसाला इंजिनिअर म्हणायला कोणी तयार नव्हतं, कारण त्यांच्याकडे कागद नव्हता. आपल्याकडे कागद नसलेल्या माणसाला काही येत असेल यावर विश्वास बसायला फार त्रास होतो. विशेषतः तो आमच्यासारख्या वस्तीतला असेल तर!

मी अकोल्यात कॉलेजला होते ती तीन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे. जेवण झालं की शेडमध्ये खेळ. मामांकडे पत्र्याच्या पेटीत जुने फोटो होते. बंद पडलेल्या स्टुडिओतले, भंगारवाल्याने वेगळे काढून ठेवलेले, कोणाकोणाच्या लग्नांचे. प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे एक मोटार. खेळणारे ठरलेले: एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर सिरसाटकाका, वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे रहीमचाचा, आणि मी. मामा फोटोवर पुठ्ठा ठेवत. पुठ्ठ्याला मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापलेली. त्या खिडकीतून दिसेल तेवढ्यावरून मोटार ओळखायची. नुसतं नाव सांगून भागत नसे. आधी तीन खुणा सांगायच्या, मग नाव. चुकीचं नाव छातीठोकपणे सांगितलं की सगळ्यांना चहा करायची शिक्षा. "मले माहीत नाही" म्हटलं तर शिक्षा नाही. रहीमचाचा मोटार सोडून बाकी सगळं बघायचे. "शेरवानी पाहा, ही डॉजच असणार. अशा शेरवानीवाले डॉजमध्येच बसायचे." त्यावर मामा ओरडायचे, "अबे नवरदेव कायले पायतं? तुले काय पोरगी द्यायची हाये का त्याले? मोटार पाय!" तीन वर्षांत सगळ्यात जास्त चहा मी केला. मला "माहीत नाही" म्हणताच येत नव्हतं.

एकदा मी चिडले होते. फोटोंखाली शाईने नावं होती: अमुक शेठ, तमुक वकील, त्यांचे जावई. मी म्हटलं, "मामा, एवढे फोटो, आणि मोटार पुसणारा, दुरुस्त करणारा एकातही नाही. ही लबाडी आहे." मामा पुठ्ठा सरकवत म्हणाले, "फोटो काढणारा तरी कुठं फोटोत असते वं? त्याच्यासाठी कधी मोर्चा काढशील?" सगळे हसले, मीही हसले. पण मग ते हळूच म्हणाले, "हे मडगार्ड पाय. ठोकलेलं हाये. चांगलं ठोकलं कोणतरी... तो माणूस इथं हाये." मी आजवर एवढी पत्रकं लिहिली, पण कष्टकऱ्याच्या बाजूने इतकं नेमकं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. अमरावतीत आमच्या वस्तीत एका खोलीचं वाचनालय आहे. टिनाचं छत, दोन बाकं, चार कपाटं. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी तिथं अभ्यास करतात, कारण घरात बसायला जागा नाही. एका कार्यालयाने (नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे) नोटीस लावली: ही खोली अलीकडचं अतिक्रमण आहे, पाडून वाहनतळ करायचा आहे. म्हणजे माणसांनी वाचायचं बंद करायचं, कारण मोटारींना उभं राहायचंय! आम्ही पुरावा शोधला आणि एक फोटो सापडला. नवी कोरी खोली, दारात गर्दी, आणि पाहुण्यांची हार घातलेली मोटार. आमच्या वस्तीतल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, फोटो कधीचा? उत्तर एकच, "छप्पनचा." आमच्याकडे जे जे चांगलं झालं ते छप्पन सालीच, धम्मदीक्षेच्या सालीच, झालेलं असतं. विहीर छप्पनची, पिंपळ छप्पनचा, खोलीही छप्पनची. मी विचारलं नाही, तपासलं नाही. पत्रकावर तो फोटो टाकून ठळक छापलं: "१९५६ पासूनचं वाचनालय पाडू देणार नाही." पत्रकं वाटूनही झाली. मग कौतुक करून घ्यायला एक प्रत मामांकडे नेली.

मामांनी फोटोवर पुठ्ठाच ठेवला नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "पोरी, हे अॅम्बेसेडर हाये. पण पयलीवाली नाही, मार्क टू. जाळी पाय, बारीक चौकडीची. पयलीची अशी नव्हती. साठच्या अगुदर हे गाडी रस्त्यावर नव्हती. आन् हे त कोरी हाये, पंच्याहत्तरनंतर कंपनीनं अशी काढलीच नाही."

"मग नेमकं साल कोणतं?"

"ते नाही सांगत. जाळी दिसून राहिली, बॉनेट दिसून राहिलं. तिसरी खूण हाराखाली गेली. येवढंच सांगतो, हे छप्पन नाही."

मी भडकले. म्हटलं, मामा, खोली पाडायला निघालेत आणि तुम्ही जाळी मोजता? तुम्ही कोणाच्या बाजूचे?

"मी मोटारीच्या बाजूचा. ते खोटं बोलत नाही."

मी पत्रक उचलून निघाले, तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. तसा तो फार क्वचित चढायचा. "छप्पन साल येवढं कमजोर हाये का, की त्याले तुह्या खोट्याचा टेकू पायजे? आन् तुले खोली जुनी हाये येवढंच दाखवायचं हाये न? मंग साठ-पंच्याहत्तर पुरत नाही?"

पुरत होतं. हिशेब साधा होता आणि तो मला दिसला नव्हता, कारण मला पुरावा नको होता, घोषणा हवी होती. हे कबूल करायला मला दोन आठवडे लागले. तेवढे दिवस मी त्यांना फोन केला नाही. मग दुसरं पत्रक लिहिलं: फोटोतली मोटार पाहता फोटो साठच्या आधीचा नाही, पंच्याहत्तरच्या नंतरचाही नाही, नेमकं साल आम्हाला माहीत नाही, आधीच्या पत्रकात आम्ही चूक केली. तेच घेऊन मी त्या दिवशी निघाले होते...

अंत्यविधी आटोपून परत आले तेव्हा एक विचार मनात आलाच, तो लपवत नाही. मामा गेले. ही चूक ओळखणारा दुसरा कोणी नाही. दुसरं पत्रक वाटलंच नाही तर कोणाला कळणार? दोन दिवस गठ्ठा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी उचलला आणि घरोघर गेले. पंचफुलाआजींनी दारातच अडवलं. छप्पन साली त्या आईच्या कडेवर नागपूरला गेल्या होत्या. "माह्या बापानं या खोलीच्या विटा वायल्या. तू शाळा शिकली म्हणून आमचं छप्पन काढून घ्यायले आली काय वं?" मी म्हटलं, "आजी, छप्पन कोणी काढून घेऊ शकत नाही. पण खोली काढून घ्यायला लोक टपलेत." त्यांनी पत्रक घेतलं नाही. दार लावून घेतलं.

सुनावणीला त्या कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर आमचं पहिलं पत्रक होतं. मोटारीभोवती लाल शाईचं वर्तुळ. म्हणजे त्यांच्यातही कोणीतरी ओळखलं होतं. साहेब खुशीत दिसले. "ही मोटार छप्पनची नाही. तुमचा पुरावाच खोटा आहे."

"हो, छप्पनची नाही," मी म्हटलं आणि दुसरं पत्रक पुढे ठेवलं. "आम्ही स्वतःच लिहून, छापून वाटलंय. साठ ते पंच्याहत्तरमधली आहे. तुमची नोटीस तर म्हणते खोली अलीकडची. मग ही मोटार कुठे उभी आहे?"

त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे कोणी ओळखलं? तज्ज्ञ कोण?"

"देविदास तायडे. पत्रा ठोकायचे." कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांच्याही टेबलावरच्या फोटोत तीच मोटार होती आणि त्यांच्याही माणसाला तेच दिसलं होतं. पाडकाम तूर्त थांबलं. कायमचं थांबेल का, सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात वस्तीने वाचनालयाला नवा बोर्ड करायला घेतला. पेंटर शिडीवर चढून नाव रंगवत होता. 'स्थापना' लिहून झालं आणि त्याने खाली वाकून विचारलं, "साल कोणतं टाकू?" सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी पंचफुलाआजींकडे. त्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जागा सोडून दे, बाप्पा. नीट कळलं की टाकू."

पेंटरने चार आकड्यांची जागा मोजून सोडली आणि तो शिडीवरून उतरला. पोरं-पोरी रोज त्या मोकळ्या जागेखालून आत जातात.