आशालताबाईंचा कोरा चेहरा

वसईकडच्या आचोळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आशालताबाई दळवी यांच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नाही, ही त्यांच्या यजमानांची, शांतारामांची, कितीतरी वर्षांची तक्रार. शांतारामांचं तसं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर ते आधी त्यांच्या भुवयांना कळतं आणि लगेच शेजारच्या बिऱ्हाडाला. बाईंना मात्र लॉटरी लागली काय आणि पाय मुरगळला काय, चेहरा एकच. देवाने दिला तेव्हा तो असा नव्हता हो. नोकरीने केला.

नोकरी म्हणजे सर्व्हेची. मुंबईची एक संस्था लोकांच्या मनात काय चाललंय याचा अभ्यास करते आणि तो अभ्यास पायांनी करायचं काम आशालताबाई करतात. हातात टॅब, खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. वसईपासून विरारपर्यंत असा रस्ता नाही जिथली कुत्री त्यांना ओळखत नाहीत. बेल वाजवायची, पाणी मागायचं आणि मग शांतपणे विचारायचं: वरच्या मजल्यावर दुसऱ्या जातीचं कुटुंब राहायला आलं तर चालेल का? सुनेने नोकरी करावी का? म्हाताऱ्या आईबापांना कोणी सांभाळावं? पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही आणि स्वतःचं मत चुकूनही दाखवायचं नाही, असे संस्थेचे नियम.

दुसरा नियम बाई ठेच लागून शिकल्या. नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, बायकांनी नोकरी करावी का? गृहस्थ म्हणाले, करावी. बाई खूश झाल्या आणि त्यांची मान हलली. झालं! पुढची सगळी उत्तरं गृहस्थांनी त्या मानेकडे बघून दिली आणि बघता बघता समाजसुधारक झाले. शेवटी स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मग माझं अंगणवाडीचं काम का सोडायला लावलंत?" त्या दिवशी बाईंना कळलं की माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, समोरच्या तोंडाला देतो. मग त्यांनी तोंडच मिटवून टाकलं. कोणी काहीही बोलो, भुवई हलत नाही, ओठ वाकत नाही. फक्त हळूच म्हणायचं, "आणखी काही?" म्हणजे माणूस सैल होतो आणि पोटातलं ओठावर येतं. नव्या मुलींना शिकवताना संस्थेचे साहेब आजही म्हणतात, "आशाताईंसारखा चेहरा ठेवा."

इतकी वर्षं दारं वाजवून बाईंना एक गंमत कळली होती. स्वतःबद्दल विचारलं की बहुतेकांना सगळं चालतं. शेजाऱ्यांना चालेल का म्हटलं की लगेच आवाज खाली येतो. "आमचं काही नाही हो, पण हे समोरचे आहेत ना, त्यांना नाही चालायचं." बाई वळून समोरचं दार वाजवत. समोरचे म्हणत, "आम्हाला काय, चालेल. पण ते आहेत ना, तुम्ही आत्ता जाऊन आलात तिकडचे..." अख्खी वस्ती मोठ्या मनाची आणि प्रत्येकाचा शेजारी तेवढा कोत्या मनाचा. यातले किती खरं बोलतात आणि किती साळसूदपणे थापा मारतात, ते देव जाणे. पण पुष्कळजण उगाचच एकमेकांना घाबरून बसलेले असतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांचं जे व्हायचं ते झालंच.

एका रविवारी दुपारी मायलेकी कोळंबी सोलत बसल्या होत्या. स्वप्ना, बाईंची एकुलती एक, वसईच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. ती कोळंबीकडे बघतच म्हणाली, "आई, मार्क म्हणून आहे आमच्या लॅबमध्ये. नायगावचा. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. ते ख्रिश्चन आहेत."

आशालताबाईंच्या मनात काय काय आलं. नकार असा नव्हता त्यात. पोर एवढी मोठी कधी झाली, चिपळूणच्या नणंदा काय म्हणतील, आपल्याला कसं नाही कळलं, सगळं एकदम उसळलं. आणि नेमकं अशा वेळी करायची जी सवय हाडीमासी भिनली होती, तीच त्यांनी केली. चेहरा मिटला. एक कोळंबी सोलून पातेल्यात टाकली आणि हळूच म्हणाल्या, "आणखी काही?"

बाईंच्या मते याचा अर्थ होता, बोल गं बाई, सगळं सांग. पोरीने ऐकलं ते वेगळंच. तिच्यासाठी खटला तिथेच निकालात निघाला होता. "नाही, आणखी काही नाही," असं म्हणून ती हात धुवायला उठली ती पुन्हा त्या विषयावर आलीच नाही. बाई वाट बघत राहिल्या की ती बोलेल. ती वाट बघत राहिली की आई बोलेल. शांतारामांना विचारावं तर ते हात झटकून मोकळे. "तू हो म्हण, माझं होच आहे."

मग महिन्याभराने शांतारामांकडूनच कळलं की स्वप्नाने पुण्याच्या शाखेत बदली मागितली आहे. "म्हणते, इकडे तू गप्प आणि तिकडे त्याची आई गप्प. कोणाला दुखवून नाही करायचं म्हणते. उद्या सही करणार कागदावर." बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोर पुण्याला निघाली होती आणि जाताना आपलं सुख इथेच टाकून चालली होती. तिकडच्या आईला खरंच नको आहे का? एवढं जरी कळलं असतं! आणि लोकांच्या पोटातलं काढणं हाच तर बाईंचा धंदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती लबाडी केली. खाडीकाठचा नायगावचा भाग पिंकी नावाच्या नव्या मुलीकडे होता. "तुला ऊन सोसत नाही, तू जूचंद्रच्या नव्या बिल्डिंगा घे, लिफ्ट आहे," असं सांगून बाईंनी तो आपल्याकडे घेतला. गावाच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापासून सुरुवात करायची आणि उजव्या हाताने ठरावीक घरं सोडून पुढचं घर धरायचं, हा नियम. स्वप्नाच्या बोलण्यातून कधीतरी कानावर पडलेलं मार्कचं घर, निळ्या खिडक्यांचं, दारात जांभाचं झाड, त्या नियमात एका घराने हुकत होतं. बाई उन्हात उभ्या राहिल्या. मग मासेमारीची जाळी ठेवायची एक कुलूपबंद खोली होती, तिला घर म्हणून मोजलं आणि निळ्या खिडक्यांसमोर येऊन बेल वाजवली. 

दार उघडलं ते मार्कच्या आईनेच, ग्रेसीने. ठेंगणी, सावळी, पदर खोचलेला. टॅबकडे बघितलं, ओळखपत्राकडे बघितलं, मग बाईंच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाली, "या. व्हरांड्यात बसू, वारा हाय."

पाणी आलं. त्याबरोबर बशीत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळीही आली. बाईंनी नियमाप्रमाणे बशी हळूच बाजूला सरकवली. प्रश्न सुरू झाले. सुनेने नोकरी करावी? "करावी की. मी बाजारात बसलेय ना इतकी वर्सं." म्हाताऱ्यांना कोणी सांभाळावं? "ज्याच्या हाताला मऊपना हाय त्यानं." बाई टॅबवर बोट ठेवत होत्या आणि तो एक प्रश्न जवळ जवळ येत होता.

"तुमच्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या धर्मात लग्न केलं, तर तुम्हाला चालेल, चालणार नाही, की सांगता येत नाही?"

ग्रेसी जांभाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माला चालेल."

"आणखी काही?" बाईंचा आवाज नेहमीसारखाच निघाला. कसा निघाला ते त्यांनाच कळलं नाही.

"हाय ना. माला चालून काय फायदा? पोरीच्या आईला नाय चालत. पोरीनं तिला सांगितलं, तर ती बाई काय बोलली ठावं हाय? आनखी काय, म्हनाली. बास. ना रागावली, ना रडली. रडली असती तर मी समजावायला गेले असते. रागावली असती तर भांडले असते. पन असं मिटलेलं तोंड घेऊन बसलेल्या मानसाच्या दारात कसं जायचं, तुमीच सांगा." तिने बशी उचलली आणि पुन्हा बाईंच्या समोर ठेवली. "मग मी पन गप राहिले. माझा पोरगा आठ दिस घरात धड जेवला नाय."

बाईंचं बोट टॅबवर थांबलं.

"आता मी इचारते," ग्रेसी म्हणाली. "मार्कच्या मोबाइलवर फोटो हाय तुमचा, पोरीबरोबरचा. दार उघडल्या उघडल्या वळखलं मी तुमाला, स्वप्नाची आई. म्हटलं, बघू या तरी बाई कशापायी आलीय. तर बोला. तुमाला चालेल?"

हजारो घरांत हजारो माणसांना विचारलेला प्रश्न आशालताबाईंना आजवर कोणी विचारला नव्हता. पोरीनेही नाही. तिने सांगितलं होतं आणि मग वाट बघितली होती. टॅबवर तीन चौकोन होते आणि आपलं उत्तर त्या तिन्हींत नाही, हे बाईंना दिसत होतं.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"सगळ्याचीच. तिला इथे कोणी परकं म्हणेल याची. माझ्या नणंदा बोलणं टाकतील याची. आणि तुम्ही हसाल, पण उद्या चर्चमध्ये उभं राहायची वेळ आली तर कधी उठायचं, कधी बसायचं, तेही मला ठाऊक नाही हो. सगळ्यांच्या मध्ये मी एकटीच बसून राहीन."

ग्रेसी हसली नाही. "माझ्याकडं बघायचं," ती म्हणाली. "मी उठले की उठायचं. मी बसले की बसायचं. एवढंच हाय ते." मग म्हणाली, "माला पन भीती वाटते. तुमच्या घरात शिकलेली मानसं. मी आले, चुकीचं काय बोलले, तर माला कसं कळनार? म्हनून सांगते, माझ्यासमोर तरी जे असेल ते तोंडावर दाखवा. राग आला तर राग दाखवा. माझं काय बिघडत नाय त्यानं."

एवढी साधी मागणी बाईंकडे आजवर कोणीच केली नव्हती, की शांताराम ती रोजच करत होते आणि आपण ऐकली नव्हती? त्यांच्या हनुवटीला कंप सुटला. इतक्या वर्षांत न वापरलेल्या चेहऱ्याला कुठून सुरुवात करावी हेच कळेना. आधी ओठ वाकडे झाले, मग नाक लाल झालं आणि मग आशालताबाई दळवी अनोळखी गावात, परक्या व्हरांड्यात, लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. ग्रेसी उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

रडू ओसरल्यावर बाईंनी टॅब उचलला. मुलाखत रद्द केली. टॅबने कारण विचारलं. त्यातलं 'ओळखीचं घर' हे कारण त्यांनी निवडलं. जाळ्यांच्या खोलीचंही साहेबांना सांगावं लागणार होतं, आणि बोलणी खावी लागणार होती. खाऊ, त्या मनाशी म्हणाल्या.

"पोरगी सही करणार आहे आज बदलीच्या कागदावर," एकदम आठवून त्या म्हणाल्या आणि फोन लावला. पण स्वप्नाचा "हॅलो, आई?" ऐकला आणि त्या पुन्हा रडू लागल्या.  शेवटी ग्रेसीनेच फोन काढून घेतला.

"बाय, मी मार्कची आई बोलते. तुझी आई माझ्या व्हरांड्यात हाय. रडते."

 "रडतेय?" स्वप्ना म्हणाली. "माझी आई? नक्की माझीच आई आहे ना?"

ग्रेसीला हसू फुटलं, तिच्या हसण्याने बाईंनाही फुटलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच त्यांनी फोन हातात घेतला.

"स्वप्ना, सही करू नकोस. मला चालेल गं. मला भीती वाटत होती म्हणून मी गप्प होते, आणि तुला वाटलं मला नकोय. चुकलं माझं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला चालेल, आणि इथेही चालतंय."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि थरथरत्या, पण हसऱ्या आवाजात लेकीने विचारलं, "आणखी काही?"

"खूप आहे," आशालताबाई म्हणाल्या. "तू इकडेच ये. मार्कलाही घेऊन ये." आणि बोलता बोलता त्यांचा हात समोरच्या बशीकडे गेला.