पोरगी बी चालंल

आमच्याकडे सोनोग्राफीला गेलेले लोक पडद्याकडे बघत नाहीत, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात. मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी, तसा बोर्डच भिंतीवर असतो. मग बाया आपापले अंदाज बांधतात. डॉक्टर हसले तर मुलगा, गप्प झाले तर मुलगी. या शहाणपणाची मला लहानपणापासून चीड आहे.

मला पाचवा महिना संपत आला होता. राहुरीच्या डॉक्टरांना बाळाच्या हृदयाबद्दल शंका आली, म्हणून त्यांनी खास हृदयाच्या सोनोग्राफीसाठी नगरला पाठवलं. नवरा साखर कारखान्यात, ऐन गळिताचा हंगाम, रजा मिळेना. राहुरीजवळच्या आमच्या देवळालीहून सासूबाईच माझ्याबरोबर आल्या, भाकरी-चटणी बांधून घेऊन.

डॉक्टरबाई आधी माझ्याशी छान बोलत होत्या. पोटावर यंत्र फिरवता फिरवता गप्प झाल्या. एकाच जागी परत परत थांबू लागल्या. सासूबाईंनी मात्र त्या गप्प बसण्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला. खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "आवं बाई, तोंड कशाला पाडता? आमाला पोरगी बी चालंल. लई लाडानं सांबाळू."

डॉक्टरबाईंचे डोळे भरून आले. "आजी, ते नाही हो," म्हणाल्या. मग कागदावर हृदय काढून समजावलं. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. पोटात आहे तोवर त्याला काही त्रास नाही, जन्मल्यावर सुरू होईल. एकामागून एक ऑपरेशनं लागतील, तीही मुंबईला, आणि तरी जगेलच असं सांगता येत नाही. गर्भपाताचा पर्यायही त्यांनी सांगितला. माझ्याच्यानं हो म्हणवेना.

सासूबाईंना काही पटेना. "धडधड तर आत्ता ऐकली की आमी. मंग?"



बाकीच्या बाया सुटकेची वाट बघतात. मी महिने सरू नयेत म्हणून देवापुढे बसायचे. ते तर सरलेच. देवावरचा तो राग अजून गेलेला नाही.

भावकीत आम्ही काही बोललो नव्हतो, त्यामुळे सातव्या महिन्यात डोहाळजेवण टळलं नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत. समोर दोन झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. "उघड की गं!" सगळ्या मागे लागल्या. बाळ आतून लाथा मारत होतं. माझा हात उठेना. सासूबाई पुढे झाल्या, दोन्ही वाट्या उचलल्या. "ऱ्हाऊ द्या झाकलेलं," म्हणाल्या आणि आत घेऊन गेल्या. बायांनी एकमेकींकडे बघितलं, मग कुणीतरी गाणं सुरू केलं.

मुलगी झाली. मुंबईला पहिलं ऑपरेशन झालं, पण बारशापर्यंत राहिली नाही.

रिकाम्या हातांनी घरी आलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून होत्या. मला जवळ घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "चालंल म्हनले मी तिला. चालंल कशाला? पायजेच, आसं म्हनायचं हुतं गं."