‘वाचून दाखविले’

तुळशीरामजी वारल्याची बातमी मोताळ्याच्या तहसील कचेरीच्या फाटकाशी आली, तेव्हा तेथील अर्जनवीसांनी क्षणभर माना वर केल्या आणि पुन्हा कागदांत खुपसल्या. मला या मंडळींची कीवसुद्धा येत नाही. त्या फाटकाशी कागद खरोखर वाचणारा एकच मनुष्य बसत होता, एवढेही त्यांच्या ध्यानी आले नाही...

कागद लिहून झाला की तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच तळाशी ‘वाचून दाखविले, मान्य आहे’ असे लिहावे, ही आमच्या धंद्याची रीत. आम्ही ते वाक्य आधीच लिहून मोकळे होत असू. तुळशीरामजी मात्र शब्दन् शब्द वाचीत. मागे रांग खोळंबे.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून जगाचा नकाशा चिकटविलेला होता. एक बलाढ्य देश परमुलखांत बंदरे, रस्ते, लोहमार्ग बांधीत सुटला आहे, हे वर्तमानपत्रात वाचून ते लहान लहान देशांवर पेन्सिलीने खुणा करीत. न वाचता सही करणाऱ्यास फुली, अटी बदलून घेणाऱ्यास गोल. फुल्याच अधिक. “फोटोसाठी पेन उचललं या बेटाच्या मंत्र्यानं! पराया भाषेतला कागद त्याले वाचून कोणं दाखवला?” मग गोलावर बोट ठेवून म्हणत, “हा पाहा, टिचभर हाय. पण कलम-कलम वाचलं. पूल घेतला, बंदर नाही देल्लं.”

“आपल्या बुलढाण्याले रेल्वे नाही, अन् तुमी बेटाईची चिंता करून राह्यले!” असे मी म्हणे, आणि सारे फाटक हसे.

पुढे माझ्याच गावचा सरपंच त्यांच्यापुढे येऊन बसला. सदऱ्याला कडक इस्त्री, डोक्यात माती. एक कंपनी गावाला पक्का रस्ता फुकट देणार होती आणि काम संपेपर्यंत गायरान मागत होती. तिचा मसुदा स्टँपपेपरवर उतरवून हवा होता. वाचता वाचता तुळशीरामजी थांबले.

“काम संपलं हे कोण ठरवणार? इथं तं कंपनीच ठरवणार असं लिवलं हाय.”

“काऊन अपशकून करता हो? उद्या सायब येऊन राह्यले!” सरपंच खेकसला आणि माझ्याकडे वळला. पाव तासात मी कागद हाती दिला. ‘सर्व पंचांना वाचून दाखविले’ हे वाक्यही त्यात होते. पंच तेव्हा चहाच्या टपरीवर होते.

रस्ता चकचकीत झाला. गायरानात एक गंजके यंत्र उभे आहे, भोवती तारेचे कुंपण आहे, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे काम अद्याप चालू आहे. चरायला जागा नाही म्हणून गुरे त्या रस्त्यावर उभी राहतात, आणि एकेक दावण रिकामी होत आहे.

शेवटच्या भेटीत तुळशीरामजी खाटेवरून म्हणाले, “हरकतीचा अर्ज तुमीच लिवा, भाऊ. ते वाक्य खोटं हाय, हे तुमच्याबिगर कोणी सांगू शकत नाही.” हो म्हणालो... लिहिला मात्र नाही. पंचवीस वर्षांची माझी पत होती.

परवा त्यांच्या मुलाने ती पेटी माझ्याकडे आणून दिली. झाकण उघडले. नकाशात आपला जिल्हा दिसतही नाही, तरी अंदाजाने त्या जागी माझ्या गावाचे नाव लिहिलेले होते. पुढे फुली. पेन्सिलीची.

आज फाटकाशी बसून अर्ज लिहिला. पहिलेच वाक्य: ‘सदर कागद मी लिहिला असून तो कोणासही वाचून दाखविला नव्हता.’ मग सही करण्यापूर्वी, त्यांच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, तो अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचला.

मागे रांग खोळंबली.