ड्युटीवरच्या सिस्टर

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, पळवून नेण्याची प्रकरणं, सगळं हाताळलं आणि त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. पण विरार पूर्वेला चंदनसार भागातल्या एका वृद्ध सेवा केंद्रात मी जे पाहिलं, ते काही केल्या मनातून जात नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच सांगत नाही.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार आत आले आणि म्हणाले, "साहेब, हॉस्पिटलमधून खबर आहे. एक म्हाताऱ्या बाई वारल्यात. डॉक्टरीणबाई दाखला द्यायला तयार नाहीत."

वृद्धांचे मृत्यू पोलीस ठाण्याला नवे नसतात. बहुतेक वेळा नोंद होते, चौकशी होते आणि कागद मिटतो. मीही त्याच तयारीने गेलो. डॉक्टर तरुण होत्या, रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. पण बोलणं स्वच्छ होतं.

"आजींना अर्धांगवायू झाला होता. बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. वयही झालं होतं. हे सगळं मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यांना मधुमेह नव्हता. तरी इथे आणलं तेव्हा रक्तातली साखर जवळजवळ संपली होती. मधुमेहाच्या गोळ्या पोटात गेल्याशिवाय असं होत नाही."

"चुकून एखादी गेली असेल?"

"एखाद्या गोळीचं हे काम नाही. पुन्हा पुन्हा दिल्या गेल्यात. आणि साहेब, जरा पाठ बघा त्यांची."

आम्ही पाहिली. पाठीवर आणि कमरेवर इतक्या खोल जखमा होत्या की आतलं हाड दिसत होतं. सतत उताणं पडून राहिल्याने होतात तशा. माझ्यासोबतच्या महिला हवालदार बाईंनी आयुष्यात कितीतरी पंचनामे केले होते. त्या बाहेर जाऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

अकस्मात मृत्यूची नोंद केली, शव विच्छेदनासाठी पाठवलं, व्हिसेरा राखून ठेवायला सांगितलं. मग त्या आजींच्या मुलीचा जबाब घ्यायला बसलो. ती वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणारी, अंधेरीला नोकरी करणारी, पन्नाशीकडे झुकलेली बाई. आईला घरी ठेवून पाहिलं होतं. सांभाळायला येणाऱ्या बायका टिकत नव्हत्या, म्हणून शेवटी केंद्रात ठेवलं.

अशा प्रकरणात घरच्यांवर नजर ठेवायचीच असते. फ्लॅट कोणाच्या नावावर, भावंडांत वाद आहे का, हे सगळं मी विचारलं. तिच्या उत्तरांत लपवाछपवी नव्हती. उलट ती केंद्राची बाजू घेत होती.

"मी दर रविवारी जायचे, साहेब. आधी फोन करून. तिथल्या सिस्टर स्वतः भेटायच्या. आईचा हात हातात घेऊन नाडी बघायच्या, बीपी सांगायच्या. त्या होत्या म्हणून तर मी निवांत होते."

"पाठीवरच्या जखमा?"

"आईला नेहमी पांघरूण घातलेलं असायचं. अंगात स्वच्छ गाऊन. मी कधी पाठ बघितलीच नाही." मग तिने विचारलं, "बघायला हवी होती ना?"

मी सिस्टर दिसायला कशा होत्या, एवढंच विचारलं.

"साठीच्या बऱ्याच पुढच्या. पांढरे केस, अंबाडा, चष्मा. पांढरा कोट. बोलायला एकदम कडक."

दुपारी केंद्राच्या मालकाला बोलावलं. इस्त्रीचे कपडे, नम्र बोलणं. मी चहा मागवला. संशयित माणूस चहा पिताना हात कुठे ठेवतो, हे पाहायची मला सवय होती. त्याने कप उचललाच नाही.

"औषधं कोण देतं?"

"सिस्टर द्यायच्या. परवापासून गायब आहेत, साहेब. एजन्सीकडून आल्या होत्या, बाहेरगावच्या. फोनही बंद. घाबरून पळाल्या असणार."

"वय काय?"

"असेल तिशीची."

मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. खोटं बोलणारा माणूस नाव, गाव, फोन यांची तयारी करून येतो. वय हा प्रश्न साधा वाटतो, तिथे तो तोंडाला येईल ते बोलतो. मुलगी सांगत होती ती बाई म्हातारी, मालक सांगत होता ती तरुण. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि मुलीला खोटं बोलण्याचं काही कारण दिसत नव्हतं. मालकाला ठाण्यात बसवून ठेवलं आणि मी थेट केंद्रावर गेलो. हवालदार बाई सोबत होत्या.

दुमजली इमारत होती. दारात तुळशीची कुंडी, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांची चित्रं. आत शिरताच फिनेलचा उग्र वास आला आणि त्याच्याखाली दुसरा वास, जो फिनेलला दबत नव्हता. खोल्याखोल्यांत खाटा. काही म्हाताऱ्या माणसांचे हात ओढणीने खाटेला बांधलेले होते. कुणी ओरडत नव्हतं. मला सगळ्यात जास्त धक्का त्या शांततेचा बसला.

दोन्ही मजल्यांसाठी मिळून एकच मावशी होती. पोलीस पाहून ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मी काय केलं नाय हो साहेब. मी एकटी आहे. याला भरवायला बसले की तिकडे ती पडते. तिला उचलायला गेले की हा चादर ओली करतो. म्हणून बांधते."

"बाकीचे कामाला कुठे आहेत?"

"होत्या दोन नर्स. एक गेली मोठ्या हॉस्पिटलात, दुसरी लग्न होऊन गेली. एक पोरगी होती रात्रीला, ती पण गेली. शेठ बोलतात, बघतोय, मिळाली की आणतो."

हवालदार बाई एका आजींच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत होत्या. "यांना पाणी कधी दिलं?"

मावशी हुंदका देत म्हणाली, "पाणी कमीच देते. जास्त प्यायले की चादरी बदलायला लागतात. मला एकटीला होत नाय, बाई."

कायद्याच्या पुस्तकात या वाक्याला कुठलं कलम लागतं, ते मी त्या क्षणी विसरलो. हवालदार बाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पाण्याचा जग उचलला आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. सिस्टरबद्दल विचारलं तर मावशी फक्त मान हलवायची. मालकाची भीती तिला आमच्यापेक्षा जास्त होती.

शेवटच्या खोलीत एक आजोबा उशीला टेकून बसले होते. जवळच्या गास गावचे, जन्मभर बागायतीची वाडी केलेले. पाय गेले होते, पण डोकं ठिकाणावर होतं. आधी त्यांनी दोन भांडी पाणी पिऊन घेतलं.

"पानी दिलंस, बरं केलंस," ते हवालदार बाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू कोन? इन्स्पेक्टर?"

"हो आजोबा. तुम्हाला गोळ्या कोण देतं?"

"शिस्टर."

"त्या पळून गेल्या म्हणतात."

आजोबा हसले. "पलते कुठं? गुडघे दुखतात तिचे. ती काय, त्या खिडकीशी बसलीय. पेजेची वाट बघते."

मी वळून पाहिलं. समोरच्या खोलीत, खिडकीपाशी, फुलाफुलांचा गाऊन घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. पांढरे केस, अंबाडा, चष्मा.

"त्या इथे राहतात?" मी विचारलं.

"आमच्यातलीच ती. लेकाने आनून ठेवली. पयली मोठ्या हॉस्पिटलात शिस्टर होती. आता इसरते सगलं. नर्स गेल्या तशी मालकाने हिला कोट दिला. कोनाचं मानूस भेटायला आलं की कोट घालतात. गोल्या पन तीच देते, कोनाच्या साखरेच्या गोल्या कोनाला बी. दिल्या ते इसरते, परत येते, परत देते."

"तुम्ही घेता?"

"एक घेतो. दुसरी खिडकीतून टाकतो. नको बोललो तर रडते बिचारी. बोलते, पेशंट ऐकत नाय." त्यांनी समोरच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. "तिला टाकता येत नव्हती. तिला बोलता बी येत नव्हतं. मी मालकाला बोललो. मावशीला बोललो. अजून कोनाला सांगू?"

मी त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीबाहेर वाकून पाहिलं. खालच्या पत्र्यावर विरघळून चिकटलेल्या गोळ्यांचे पांढरे डाग होते, वर काही अख्ख्या गोळ्याही होत्या. पंचांसमक्ष त्या जप्त केल्या.

मग मी त्या आजींपाशी गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता माझं मनगट धरलं. तीन बोटं अगदी जागेवर पडली. ओठ हलवत त्या ठोके मोजू लागल्या.

"धावत आलात का? बसा आधी," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "डॉक्टर राउंडला येतील इतक्यात."

मी बसलो. दुसरं काय करणार? ज्या संशयिताच्या शोधात आम्ही बाहेर माणसं पाठवणार होतो, ती बाई माझी नाडी बघत होती आणि तिला मी कोण आहे, ती स्वतः कुठे आहे, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला सांभाळायला म्हणून तिथे ठेवलेलं होतं, आणि सगळी म्हातारी माणसं तिच्या हवाली केली होती.

ठाण्यात परतल्यावर मालकाला एवढंच म्हणालो, "तुमच्या सिस्टर भेटल्या." त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

"साहेब, नर्स मिळतच नाहीत. आल्या तरी टिकत नाहीत. शिकलेली मुलगी इथे म्हाताऱ्यांची अंगं पुसायला कशाला थांबेल? मी काय करणार?"

त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. नंतर मी आजूबाजूच्या केंद्रांत चौकशी केली, सगळीकडे हीच रड होती.

"नर्स नव्हत्या, तर नवी माणसं का घेत राहिलात?" मी विचारलं.

"लोक हात जोडतात, साहेब. नाही कसं म्हणायचं?"

"आणि त्या आजींना कोट?"

"त्यांना बरं वाटायचं. नातेवाईकांनाही बरं वाटायचं. गोळ्या त्यांनी मनाने द्यायला सुरुवात केली. मी थांबवणार होतो."

त्या आजींच्या मुलाला परगावी फोन लावला. आईला नर्स म्हणून उभं करतात, याची त्याला कल्पना होती का? तो गोंधळून म्हणाला, "व्हिडिओ कॉलवर ती कोटात दिसायची. मला वाटलं, तिचं मन रमावं म्हणून देतात. मी तर त्यांचे आभार मानले होते."

गुन्हा दाखल झाला, मालकाला अटक झाली. मावशीचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. आजींची वैद्यकीय तपासणी झाली आणि त्यांना आपल्या कृत्याचं भान नाही, असा डॉक्टरांचा अहवाल आला. त्यांना आरोपी करण्याचा प्रश्नच उरला नाही. खटल्याचं काम अजून चालू आहे, त्याबद्दल अधिक लिहिणं योग्य नाही.

पण कागदोपत्री तपास संपला, तरी खाटांवरची माणसं तिथेच होती. आम्ही नातेवाइकांना फोन लावत बसलो. काही त्याच दिवशी धावत आले. काहींनी पत्ता बदललेला होता. काहींनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. सगळ्यांची दुसरीकडे सोय होईपर्यंत आमच्या महिला पोलीस पाळीपाळीने तिथे थांबल्या. डॉक्टरीणबाई ड्युटी संपवून जखमा बांधायला यायच्या. गासच्या आजोबांना पुतण्या घेऊन गेला.

वारलेल्या बाईंची मुलगी आईचं सामान न्यायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. तिला सगळं समजलं होतं. तिने त्या सिस्टरना पाहायचं आहे, असं सांगितलं. मी आधी नको म्हणालो. मग तिच्याबरोबर खोलीत गेलो.

आजी खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. दारात बाई दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस बाई? किती उशीर! मी एकटीच आहे गं सकाळपासून. कुणी फिरकलं नाही."

मुलगी जागच्या जागी थिजली. आजींनी तिला जवळ बसवलं आणि पुढच्या पाळीला आलेल्या नर्सला सांगावं, तसं एकेका खाटेचं सांगू लागल्या. कुणाला पाणी द्यायचं राहिलंय, कुणाला कूस बदलून हवीय. "आणि त्या कोपऱ्यातल्या आजींना बोलता येत नाही. गिळायला त्रास होतो. घाई करू नकोस. त्यांची मुलगी रविवारी येते, फार काळजी करते. तिला म्हणावं, आई बरी आहे."

मी पुढे होणार होतो. मुलीने हातानेच मला थांबवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तिने सांभाळला.

"हो सिस्टर. मी बघते सगळ्यांकडे. तुम्ही पडा आता जरा."

आजी निमूटपणे आडव्या झाल्या. तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने ते पुन्हा बाजूला केलं, त्यांना हलकेच कुशीवर वळवलं आणि त्यांची पाठ पाहिली.

पोलिसाचं शिक्षण असं, की घटना घडली त्या वेळी जागेवर कोण होतं, ते आधी शोधायचं. या प्रकरणाने मला उलटा प्रश्न विचारायला शिकवलं: तिथे असायला हवं होतं, असं कोण नव्हतं? त्या मृत्यूला एक बाई कारण झाली असं कागद म्हणू शकले असते. पण खरं कारण होत्या त्या रिकाम्या जागा, ज्या भरल्या आहेत असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आता माझ्याच ओळखीतली एक-दोन माणसं अशा केंद्रांत आहेत. त्यांना भेटायला जातो, ते आधी न कळवता. ड्युटीवर कोण आहे, ते विचारतो, आणि ते माणूस प्रत्यक्ष समोर येईपर्यंत तिथून हलत नाही.