पिशवी गेली, ओल राहिली

आमच्याकडे बाईची कमरेखालची कसलीही तक्रार असो, उपाय एकच: पिशवी काढा. मला तर काही दुखतही नव्हतं. खोकले, हसले, भाताचं पोतं उचललं की लघवी निसटायची. लावणीत बरं असायचं, चिखलात सगळ्याच बायका ओल्या. एरवी मी लग्नाच्या पंगतीतून सगळे गेल्यावर उठायची.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी फर्मानच काढलं, "पिशवी काडून टाक. मोकळी हुशील." हायवेलगतच्या एका दवाखान्यात माझं गर्भाशय काढलं. टाके वाळायच्या आत खोकला आला आणि साडी भिजली. रडले ते दुखलं म्हणून नव्हे, फसले म्हणून.

पुढं पुण्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "पिशवीचा काही दोष नव्हता हो. मूत्रमार्गाखालचा आधार सैल पडलाय." आधी व्यायाम दिले. त्यानं भागेना, तेव्हा ऑपरेशन सांगितलं. विकतची जाळीची पट्टी महाग पडते. पण पोटाच्या स्नायूवरच्या पडद्याची आपलीच पट्टी काढून मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बांधता येते, आणि तिथं ते आम्हाला परवडणारं होतं. नवरा म्हणाला, "आता आनि काय काय काडनार?" मी बहिणीला सोबत घेतलं आणि गेले.

आता मी कोरडी आहे. एसटी पकडायला पळतेसुद्धा.

परवा धुणं धुताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "माजं बी व्हईल का गं ते, पट्टीचं?"

"तुमाला बी हाय?"

"लई वर्सं. माजी बी पिशवी काडली व्हती, तू ह्या घरात यायच्या आदी. न्हाई आला गुन."

"मंग मला कशापायी धाडलंत?"

"लाज वाटली सांगायची. म्हनलं, तुला तरी येईल."

माझ्या अंगाची आग झाली. त्यांची कीव यायला हवी होती; नाही आली. कारण भोंगवलीला दिलेल्या त्यांच्या लेकीलाही हाच त्रास होता, आणि आता तिलाही पिशवी काढायला त्यांनीच तयार केलं होतं; ऑपरेशन अजून व्हायचं होतं.

"तुमाला मी नेते," मी म्हणाले, "पन आदी हे तिला सांगा." मोबाईल लावून त्यांच्या हातात दिला.

पलीकडून लेकीचा आवाज आला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि विचारलं, "जेवलीस का गं?"

मी मोबाईल हिसकावून माझ्या कानाला लावला.