ज्याला कुणी नाही, त्यानं चावडीवर यावं

चतुराबाई ग्रामपंचायतीची सभासद होऊन वर्ष उलटलं होतं, पण चावडीची पायरी तिनं एकदाही चढली नव्हती. सोनपिंपरीत बायका चावडीवर जात नसत. समोरून जायची वेळ आली तर पदर पुढं ओढून, नजर खाली ठेवून निघून जायचं, ही रीत. त्यामुळं बैठक झाली की मुंजाजी कोतवाल रजिस्टर काखेत मारून किशनरावांच्या घरी यायचा आणि चतुराबाई पिठाचा हात पदराला पुसून सही करायची. कशावर सही केली, हे तिनं सुरुवातीला नवऱ्याला विचारून पाहिलं. "दिवाबत्तीचं असंल काहीतरी," किशनराव म्हणायचे. पण बाईचा स्वभाव जन्मापासून चौकस. आरतीला उभी राहिली तरी हिचं लक्ष समईत तेल कोण घालतं इकडं, असं तिची सासू म्हणायची.

ऐंशी सालची दिवाळी नुकतीच सरली होती. ग्रामसेवक दिनकरराव परभणीहून शिबिर करून आले, ते नवीनच बातमी घेऊन. ज्यांना सांभाळणारं कुणी नाही, त्यांना आता सरकार दरमहा काहीबाही देणार. अशी माणसं पंचायतीनं आपापल्या गावात हुडकायची, ठराव घ्यायचा आणि नावं तहसिलीत पोचवायची. गावात असलं काम आजवर कुणी केलेलं नव्हतं. हुडकायची म्हणजे कशी, हे शिबिरात सांगितलंच नव्हतं. मग सरपंच दत्तरावांनी नेहमीचाच मार्ग धरला, दवंडीचा, आणि मुंजाजी ती देत निघाला.

"ऐका होऽऽ! ज्याला कुणी न्हाई, त्यानं उद्या सकाळी चावडीवर यावं होऽऽ! सरकार त्याला संबाळनार हाय होऽऽ!"

दुसऱ्या दिवशी चावडीवर एकटा बन्सीधर आला. चाळिशीला टेकलेला, घरची बैलजोडी बाळगून असलेला गडी.

"तू कशाला रं?" दत्तरावांनी विचारलं.

"मला बायकू न्हाई. सरकार काय सोय करायलंय बगावं म्हनलं."

चावडी हसून लोळली. दुपारपर्यंत दुसरं कुणी फिरकलं नाही. "निरंक लिहून टाकतो," दिनकरराव म्हणाले. दत्तरावांची छाती फुगली. "लिवा की! आपल्या गावात कुणी उघड्यावर पडलेलं न्हाई, हे कळू द्या तालुक्याला. इज्जतीची गोष्ट हाय."

संध्याकाळी रजिस्टर चतुराबाईपुढं आलं.

"मुंजाजी, निरंक म्हंजी काय रे?"

"म्हंजी गावात निराधार कुणीच न्हाई, वैनी."

"मग पारूमावशी?"

"त्या आल्याच न्हाईत ना चावडीवर."

चतुराबाईचा हात थांबला. मीठ संपलं तरी दिवेलागणीला कुणी 'नाही' म्हणत नाही या गावात. मग चारचौघांत उभं राहून 'मला कुणी नाही' असं कोण म्हणणार? ज्याचं माणूस परमुलखात आहे, त्यानं तसं म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं त्याचं वाईट चिंतणं. तिनं रजिस्टर मिटलं. "दिनकररावांना सांग, सही मी बैठकीत येऊन करते."

किशनराव ओट्यावरून ओरडले, "चावडीवर जानार तू? लोक काय म्हनतील?"

"आवं, नाव तुमीच दिलं होतं की माझं. तवा लोकांला इचारलं न्हवतं का?"

पारूबाई मारुतीच्या देवळामागं पत्र्याच्या खोपीत राहायची. नवरा जाऊन जमाना झाला होता. एकुलता लेक सुग्रीव टोळीबरोबर ऊसतोडीला गेला आणि एका हंगामाला परत आलाच नाही. तिकडंच कुठंतरी घर केलं म्हणत. म्हातारीला कमी दिसायचं, पण भीक तिनं कधी मागितली नाही. गावातल्या काही घरांनी तिला वार लावून दिले होते. सोमवारी चतुराबाईकडं, रविवारी दत्तरावांकडं, असं त्या त्या वारी त्या त्या घरी जाऊन ती जेवायची, आणि जेवणाआधी हात लागेल ते काम करायची. शिवाय तिचे उपास! गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, तेही नुसत्या पाण्यावर. गावातल्या बायका तिच्या पाया पडायच्या. चतुराबाईला स्वतःला एक एकादशी धड निभवत नव्हती. दुपार झाली की डोकं धरायचं. एवढं बळ हिच्या अंगात देव कुठून घालतो, याचं तिला भारी नवल वाटायचं.

मंगळवारी ती खोपीकडं गेली. पारूबाई दारात बसून वाती वळत होती.

"मावशी, जेवलाव का?"

"आज मंगळवार न्हवं का, माय. देवीचा धरलाय."

"मंगळवार बी? कधीपसून?"

"ह्या दसऱ्यापसून."

चतुराबाईनं हात जोडले. मग येण्याचं कारण सांगितलं, सरकारच्या योजनेचं. पारूबाईनं वात वळायची थांबवली. "मला लेक हाय," ती म्हणाली. "कुणी न्हाई असं मी म्हननार न्हाई. उपाशी मरंन, पर तसं तोंडातून काडनार न्हाई." आणि पुन्हा वात वळू लागली.

परतताना गोजरबाईचं घर लागलं. दाराला कडी, आणि कडीवर बाभळीचा काटा लावलेला. सगळं घर दसरा करून ऊसतोडीला गेलं होतं. चतुराबाई दोन पावलं पुढं गेली आणि थबकली.

मंगळवार गोजरबाईकडं असायचा.

ती तिथंच उभी राहिली. गुरुवार कुणाकडं होता? नर्मदाबाईकडं. नर्मदाबाई वारली, सुनेनं वार पुढं चालवला नाही, आणि पारूबाईनं दत्ताचा गुरुवार धरला. तेव्हा गावानं केवढं कौतुक केलं होतं. आणि शनिवार तर कधी कुणी लावूनच दिला नव्हता.

घरी येऊन तिनं देवापुढं दिवा लावला, पण हात जोडता येईनात. हे उपास देवाला पोचले असतील का? तिला आधी वाटलं, नाही. मग वाटलं, पोचले तर हेच पोचले असतील, आपल्या साबुदाण्याच्या एकादश्या नाहीत. नक्की काय ते तिला ठरवता आलं नाही. एवढं मात्र ठरलं, की ही गोष्ट चावडीवर बोलायची नाही. म्हातारीजवळ गावात तेवढाच एक मान उरला होता.

बैठकीच्या दिवशी ती चावडीची पायरी चढली. आत शिरताच तिनं आधी सगळीकडं बघून घेतलं. निजामाच्या काळची लोखंडी पेटी, एका पायाखाली वीट दिलेलं टेबल, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. हे असं आहे होय आत! पंच मंडळी उगाच खाकरली. कुणीतरी सतरंजीचं टोक झटकून दिलं.

"बोला वैनी," दत्तराव म्हणाले. "तुमची सही राहिली म्हनून सगळा कागुद अडलाय."

"पारूमावशीचं नाव घाला, मी सही करते."

"आं? आवो, ती देवमानूस बाई. इतके उपास करनारी. तिला माणसाचा आधार कशाला? आन् उद्या तालुक्यात म्हनतील, सोनपिंपरीत एक म्हातारी संबाळना ह्या लोकांला."

"तसं कोन म्हनल? आपन सगळे संबाळतोच की तिला," चतुराबाई म्हणाली. "तुमच्याकडं कोन्ता वार हाय, दत्तराव?"

"ऐतवार. आईच्या येळेपसून."

"आमच्याकडं सोमवार. बन्सीधर, तुमच्याकडं?"

बन्सीधर आज नुसती मजा बघायला आला होता. "बुधवार. आई वाढती."

"शुक्रवार आमचा," एक पंच म्हणाले.

"आन् मंगळवार?"

"गोजरबाईचा."

"गोजरबाई तर तोडीला गेली."

चतुराबाईनं पुढचा वार विचारलाच नाही. दत्तराव बोटांवर वार मोजत बसले होते. मोजता मोजता एका बोटाशी अडले, परत पहिल्यापासून सुरू झाले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बन्सीधरनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दिनकरराव," दत्तराव खाली बघत म्हणाले, "ते निरंक खोडा."

"खोडतो. पण मुलगा जिवंत असला तर अर्ज अडतो. 'मला कोणी नाही' या ओळीखाली त्यांचा अंगठा लागेल."

"त्या द्यायच्या न्हाईत," चतुराबाई म्हणाली. "लेक हाय, हे बी लिवा. अन् तो संबाळत न्हाई, हे पंचायतीनं ठरावात लिवा. त्यांच्या तोंडून कशाला वदवायचं?"

"वरून परत पाठवतील, बाई."

"पाठवू द्या. मी जाईन संगं."

ठराव लिहून झाला. दाराशी उभा असलेला मुंजाजी म्हणाला, "सायेब, आता दवंडी न देता वेशीभाईरच्या आमच्या वाड्यातबी घरोघर फिरायचं का? गेल्या बारीला तिकडं दवंडी फिरवाया कुनी सांगितलंच न्हाई मला." दिनकरराव चपापले आणि चप्पल घालायला उठले. निरंक गावातून पुढं चार नावं निघाली.

पारूबाईचा अर्ज खरोखरच अडला. पौषात चतुराबाई तिला घेऊन एसटीनं परभणीला गेली. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, काही चुन्यानं अर्ध्यामुर्ध्या पुसलेल्या. तहसिलीत साहेबांनी कागद उलटापालटा केला.

"आजी, तुम्हाला मुलगा आहे म्हणून लिहिलंय."

"हाय."

"मग तुम्ही निराधार कशा?"

चतुराबाईनं बोलायला तोंड उघडलं, पण पारूबाईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. वाटभर ती काही पुटपुटत आली होती. चतुराबाईला वाटलं होतं, जप चाललाय.

"लेक हाय, सायेब. लय गुनाचा हाय. मला संबाळत न्हाई."

साहेबांनी मान वर केली नाही. "मुलाचं नाव?"

"सुग्रीव रंगनाथ. रंगनाथ नीट लिवा, बापाचं नाव हाय. जिवंत हाय, हेबी लिवा."

साहेबांनी लिहिलं, खाली शेरा मारला, सही केली. चैत्रापासून सुरू होईल म्हणाले.

परतीच्या गाडीत पारूबाई खिडकीशी बसली. शिंगणापूर फाटा मागं गेला. मग एकदम वळून म्हणाली, "चतुरा, त्या सायबानं सुग्रीवचं नाव लिवलं ना?"

"लिवलं, मावशी. म्या बगितलं."

"मग तेच्यावरनं सरकारला तो सापडंल का गं?"

चतुराबाईला हसता येईना की रडता येईना. योजनेच्या कागदात असलं काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण नाव लिहिलेलं माणूस शोधायला कुठं जायचं असतं, कुणाला विचारायचं असतं, हे मात्र तिला खरंच माहीत नव्हतं.

"इचारते," ती म्हणाली. "सोमवारी बैठक हाय."