कंडक्टरबाईंचे पाय

अख्खी नोकरी बसमध्ये उभ्याने काढलेल्या कंडक्टरबाई दोन महिने आडव्या पडायला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नुसतं पडून राहायला का कुणी रजा काढतं? पण बाईंचा उत्साह अंगात मावत नव्हता. लहानपणापासून त्यांना आकाशाचं वेड. अंतराळ संशोधन केंद्राला एका प्रयोगासाठी माणसं हवी आहेत असं कळलं आणि बाईंनी सगळ्यात आधी नाव दिलं. पलंग डोक्याकडे उतरता. जेवण, आंघोळ, सगळं आडव्यानेच. असं पडलं की अंतराळातल्यासारखं रक्त डोक्याकडे सरकतं, स्नायू आणि हाडं झिजू लागतात. महिनोन्‌महिने प्रवास करून परक्या ग्रहावर उतरणाऱ्यांना तिथे उभं तरी राहता येईल का, हे बाईंसारख्यांच्या पायांवरून कळणार होतं.

पहिल्याच आठवड्यात तोंड सुजून भोपळा झालं, नाक चोंदलं, पाठीने असहकार पुकारला. त्यात बाईंना रोज पडल्यापडल्या सायकल मारायची होती. शेजारच्या पलंगावरच्या पोहण्याच्या शिक्षिकेला मात्र व्यायाम साफ बंद, कारण दोघींची तुलना व्हायची होती. शिक्षिका चिडवायची, तशा बाई आणखी जोरात पाय मारायच्या.

शेवटच्या दिवशी परीक्षा. पट्ट्यांनी बांधून पलंग उभा करायचा आणि माणूस टिकतो का बघायचं. शिक्षिका आधी गेली. बघता बघता पांढरीफटक पडली, डोळे फिरले, तिला लगेच आडवं केलं. एका माणसावरून काही ठरत नाही, असं डॉक्टरांनी हजारदा सांगितलं होतं. बाईंना ते कधीच पटलं नव्हतं. आपण कोसळलो तर त्या सायकलीवर कोण विश्वास ठेवणार?

पलंग उभा झाला. छाती धडधडली, कान वाजले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाईंनी दात घट्ट आवळले. हळूहळू काजवे विझले आणि समोर डॉक्टरांचा चेहरा स्वच्छ दिसला. ते हसत होते. वेळ संपली होती आणि बाई उभ्याच होत्या. आनंदाने त्यांना रडूच फुटलं.

पट्टे सुटले. पाय लाकडाचे झालेले, जमीन डुलत होती. बाईंचा झोक गेला तसा त्यांना न्यायला आलेला नवरा हात पुढे करत धावला.

"हात नको," बाई म्हणाल्या. "तिकडे त्या ग्रहावर कोण येणार आहे हात द्यायला?"

नवरा बाजूला झाला. बाई एकट्याच दारापर्यंत चालत गेल्या.